धावत्या वाहनांतील रेडिओ संपर्क: या चुका टाळा

नागपुरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी वाहनांचा माग ठेवणारी उपकरणे बनवतात, तेव्हा प्रयोगशाळेत निर्दोष चालणारे उपकरण समृद्धी महामार्गावर पॅकेट (माहितीचे एकेक करून पाठवलेले तुकडे) गमावू लागले की दोष सहसा डॉप्लरला, म्हणजे वेगामुळे सिग्नलच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकाला, दिला जातो. तसा निष्कर्ष काढण्याआधी आकडेमोड करावी. ताशी 120 किलोमीटर वेगाने 866 मेगाहर्ट्झला डॉप्लरमुळे पडणारा फरक जेमतेम 96 हर्ट्झ असतो. दशलक्षात 20 भाग चुकणारा साधा क्रिस्टल (उपकरणाची वारंवारता ठरवणारा स्फटिक) मात्र वारंवारता 17 किलोहर्ट्झपर्यंत सरकवू शकतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात टपाखालच्या बंद पेटीत ही चूक आणखी वाढते. म्हणून प्रत्येक पॅकेटसोबत वेग, सिग्नलची पातळी आणि पेटीतील तापमान यांची नोंद ठेवावी. गळती वेगाऐवजी तापमानाबरोबर वाढत असेल, तर तापमान-भरपाई असलेला ऑसिलेटर बसवावा.

सर्वांत महाग पडणारी चूक वेगळीच आहे. डॉप्लरचा आकडा लहान असला, तरी चॅनेल, म्हणजे दोन अँटेनांमधला रेडिओमार्ग, किती वेळ स्थिर राहील हे त्यावरूनच कळते. साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढे सरकल्यावर चॅनेल बदलते; 866 मेगाहर्ट्झला ती सुमारे 17 सेंटीमीटर असते आणि 120 च्या वेगाने वाहन ती 5 मिलिसेकंदांत ओलांडते. पल्ला वाढावा म्हणून लोरामध्ये (कमी विजेवर लांब पल्ल्याच्या रेडिओ तंत्रात) स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे सिग्नल वेळेत किती पसरवायचा तो आकडा, 12 निवडला, तर 125 किलोहर्ट्झ बँडविड्थला एकेक सिम्बॉल (सिग्नलचा सर्वांत लहान घटक) सुमारे 33 मिलिसेकंद चालतो, म्हणजे परावर्तित लहरींचाच आधार असलेल्या जागी एका सिम्बॉलमध्येच चॅनेल अनेकदा बदलून जाते. पाण्याच्या टाकीवर बसवलेल्या सेन्सरला हा पर्याय योग्य आहे, धावत्या वाहनाला नाही. तेथे फॅक्टर 7 घ्यावा, त्याचा सिम्बॉल 1 मिलिसेकंदाचा असतो; पल्ला घटेल, तो रिसीव्हरचा अँटेना उंच बसवून भरून काढावा. दोन वाहने समोरासमोर येत असतील, तर दोघांच्या वेगांची बेरीज धरून हाच हिशेब करावा.

वाहन थांबल्यावर अडचण संपते, असेही समजू नये. इंटरलीव्हर (पॅकेटमधील बिट्सचा क्रम मिसळणारी पद्धत) सलग आलेल्या चुका विखुरतो आणि त्रुटी-दुरुस्ती कोड त्या सावरतो, कारण वाहन पुढे सरकते आणि क्षीण सिग्नलची जागा मागे पडते; वर्धा रोडवरील दुमजली उड्डाणपुलाखाली लाल दिव्यापाशी वाहन नेमके तशा जागी उभे राहिले, तर सगळे पॅकेटच त्यात सापडते. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर दुसरा अँटेना बसवावा. तेवढी जागा नसेल, तर तेच पॅकेट पुरेशा दूरच्या वारंवारतेवर पुन्हा पाठवावे.