जुन्या कॉम्प्युटरवरचा डेटा नव्यावर नेताना

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक प्रोसेसरच लागतो, त्यामुळे धडधाकट जुने डेस्कटॉपही बदलावे लागतायत. दुकानदार ‘डेटा टाकून देतो’ म्हणाला, तर साधारणपणे तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स एवढंच उचलतो. हरवतं ते या चारांबाहेरचं. म्हणून कॉपी लावण्याआधी अर्धा तास यादी करण्यात घाला.

सी ड्राइव्हच्या मुळाशी कोणी फोल्डर करून ठेवलेत का, स्कॅनर फायली कुठे टाकतो आणि डी ड्राइव्हवर काय आहे, ते आधी बघा. टॅलीचा डेटा कुठे आहे हे कंपनी निवडायच्या स्क्रीनवरच्या पाथवरून कळतं. टॅली बंद करून तो अख्खा डेटा फोल्डर उचला, आणि सिंगल यूजर लायसन्स असेल तर ते जुन्या मशीनवर सरेंडर करायला विसरू नका. आउटलुकची पीएसटी फाइल (मेल साठवलेली) महत्त्वाची, विशेषतः पीओपी खातं (मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं) असेल तर, कारण जुने मेल सर्व्हरवर उरलेलेच नसतात. ओएसटी (सर्व्हरवरच्या मेलची प्रत) नेऊ नका, ती सर्व्हरवरून पुन्हा तयार होते. आउटलुक उघडं असेल तर फाइल लॉक राहते आणि कॉपी होत नाही. वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये) ढगाचं चिन्ह असलेल्या फायली डिस्कवर नसतातच. त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. क्रोमचे बुकमार्क सिंकने येतात. पासवर्ड सीएसव्हीत काढले असतील, तर ती फाइल साधी, कोणालाही वाचता येईल अशी असते. काम झालं की लगेच डिलीट करा.

आता मराठी फायलींचं. घोडबंदर रोड असो की कोपरखैरणे, सोसायट्यांच्या जुन्या नोटिसा आणि सभांची इतिवृत्तं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली सापडतात. हे फॉन्ट युनिकोड नाहीत. फाइलमध्ये साठतात ते रोमन अक्षरांचे कोड, त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. त्यामुळे नव्या मशीनवर फाइल उघडते, पण दिसतो नुसता अक्षरांचा खिचडा, आणि फाइल खराब झाली असं समजून लोक ती टाकून देतात. जुन्या मशीनवर फाइल उघडा, मजकूर सिलेक्ट करा, फॉन्टचं नाव टिपून घ्या, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तोच फॉन्ट कॉपी करा आणि नव्या मशीनवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ करा. वाचायला आणि छापायला एवढं पुरतं. नवा मजकूर टाइप करायला मूळ सॉफ्टवेअर लागेल. महत्त्वाच्या कागदांची जुन्या मशीनवरच पीडीएफही काढा. कन्व्हर्टरने युनिकोड करणार असाल तर रफार, जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासा.

कॉपीसाठी एक्स्टर्नल डिस्क बरी. ती फॅट३२ (जुनी फॉरमॅट पद्धत) असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेणार नाही, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ आणि पीएसटी तिथेच अडकणार. आधी एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा; डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात असू द्या. जुन्या कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट बरेचदा यूएसबी २.० असतात: सेकंदाला तीसेक एमबी, म्हणजे २०० जीबीला जवळपास दोन तास. मागे निळा (यूएसबी ३.०) पोर्ट असेल तर तेच काम पाऊण तासाच्या आत. हजारो छोटे फोटो असतील तर मात्र दोन्हीकडे वेळ वाढतो. क्लाउडचा मोह होतो, पण ५० एमबीपीएस अपलोडलाही २०० जीबीला नऊ तास लागतात.

स्लीप ‘नेव्हर’ करा. यूपीएस नसेल तर महावितरणचा देखभालीचा एसएमएस आलाय का बघून मगच कॉपी लावा. आणि कट-पेस्ट अजिबात नको.

पसारा मोठा असेल तर ड्रॅग करण्यापेक्षा रोबोकॉपी ही विंडोजमध्येच असलेली कॉपीची कमांड वापरा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रोबोकॉपी’, मग जुन्या फोल्डरचा पाथ, मग नव्याचा, दोन्ही दुहेरी अवतरणात. शेवटच्या अवतरणाआधी उलटा स्लॅश ठेवू नका, कमांड गडबडते. पुढे स्लॅश-ई, म्हणजे सगळे सबफोल्डर येतात, आणि स्लॅश-एक्सजे, नाहीतर यूजर फोल्डरमधल्या छुप्या जोडण्यांमुळे ती गोल गोल फिरत राहते. स्लॅश-आर-कोलन-१ आणि स्लॅश-डब्ल्यू-कोलन-५ (पाच सेकंद थांबून एकदाच पुन्हा प्रयत्न) हवेतच: ते दिले नाहीत आणि एक फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करते! जुन्या डिस्कवर एकच बॅड सेक्टर (खराब झालेला भाग) असला तरी रात्रभर तीच फाइल घेऊन बसेल. अ‍ॅपडेटाचं (प्रोग्रामच्या सेटिंग्जचं) फोल्डर नव्या मशीनच्या अ‍ॅपडेटावर आदळू नका, प्रोग्राम बिघडतात.

मशीन सुरूच होत नसेल तर डिस्क काढून नव्या मशीनला जोडा. २.५ इंची डिस्क यूएसबीच्या वीजेवर चालते, ३.५ इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. एम.२ (छोट्या पट्टीसारखी डिस्क) असेल तर एनव्हीएमई की साटा, यातला कुठला प्रकार ते बघून बाहेरून जोडायची केस घ्या; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन्ही मिळतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल, मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा. ती नसेल तर डिस्क वाचता येणार नाही, दुकानदारालाही नाही.

तपासताना प्रॉपर्टीजमधली फायलींची संख्या आणि ‘साइझ’ जुळवा, ‘साइझ ऑन डिस्क’ नाही. रोबोकॉपीच्या शेवटच्या तक्त्यात ‘फेल्ड’खाली शून्य हवं. तीच कमांड स्लॅश-एल जोडून चालवली तर काय राहिलं त्याची यादी मिळते, कॉपी होत नाही. शिवाय टॅली उघडून ताळेबंद बघा, पीएसटी जोडून जुना मेल शोधा, मराठी नोटीस छापून बघा.

जुनं मशीन महिनाभर तरी तसंच राहू द्या, जीएसटी रिटर्न भरून होईपर्यंत तर नक्कीच. विकताना ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि ‘क्लीन डेटा’ दोन्ही निवडा. नुसत्या क्विक फॉरमॅटनंतर फायली परत काढता येतात. आणि त्यानंतर एक्स्टर्नल डिस्कवरची प्रत पुसू नका, नव्या मशीनबाहेर तेवढीच उरलेली असते.