वावरात बहिणीचं नाव राहून जाऊ नये म्हणून

वडील गेले की वारस नोंदीतून नागपुरात दिलेल्या लेकीचं नाव हळूच गळतं, अन् तिला कळतं तेव्हा काटोलची संत्राबाग विकायला निघालेली असते. घरबसल्या लक्ष ठेवता येतं:

१. महाभूमी या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरच्या 'आपली चावडी'वर जिल्हा, तालुका, गाव निवडा. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची, नोटीस दिसते, फुकट.
२. आपलं नाव नसेल तर 15 दिवसांच्या मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. पोच शिक्क्यासह घ्या. तोंडी 'पाहतो ताई' चालत नाही.

लग्न झालेलं असो वा वडील 2005 च्या कायदादुरुस्तीपूर्वी (पण 1956 च्या कायद्यानंतर) गेलेले, मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाची, म्हणजे मुलाच्याच रांगेतली, वारस म्हणून लेकीचा हक्क असतोच.

'फक्त सही कर' म्हणून पुढे केलेला कागद हक्कसोडपत्र तर नाही ना, तेवढं वाचा.