'ॲनिमल फार्म'मधल्या बदललेल्या आज्ञा: उत्तर लिहिताना या चुका टाळा

"डुकरांनी सातही आज्ञा एकेक करून बदलल्या." जॉर्ज ऑर्वेलच्या या कादंबरीवरच्या (१९४५) उत्तरांत हे वाक्य हमखास सापडतं. गाइडमधून आलेलं असतं आणि चुकीचं असतं. कादंबरीत प्राणी शेताचा मालक जोन्सला हाकलतात, सात आज्ञा भिंतीवर लिहितात आणि पुढे डुकरंच सत्ता बळकावतात. भिंतीवरच्या आज्ञेला आपल्यासमोर शेपूट जोडलं जातं ते आधी चौथीला (पलंगावर झोपू नये; सहावं प्रकरण), मग सहावीला (दुसऱ्या प्राण्याला ठार मारू नये) आणि त्यानंतर पाचवीला (दारू पिऊ नये; दोन्ही आठव्या प्रकरणात). हा क्रम उलटसुलट झाला की उत्तराचा कणाच जातो. दहाव्या प्रकरणात भिंतीवर एकच आज्ञा उरते, ती म्हणजे सातवी (सगळे प्राणी समान), तीही लांबवलेली. कपड्यांच्या आज्ञेत कोणते शब्द घुसवले हे कादंबरीत कुठेही नाही, तेव्हा ते पदरचे घालू नका.

याच्याही वरची चूक व्यापाराची. माणसांशी व्यवहार नको, पैसा वापरायचा नाही, हे भिंतीवर कधीच नव्हतं. जोन्सला हाकलल्यानंतरच्या पहिल्या सभेतला तो ठराव होता, निदान प्राण्यांना तसं आठवतं. म्हणून तिथे डुकरांच्या प्रचारकाला, स्क्वीलरला, रंगाची गरजच पडत नाही. तो फक्त विचारतो: असा ठराव कुठे लिहून ठेवला आहे का? लिहिलेला नियम आणि आठवणीतला नियम मोडायच्या या दोन वेगळ्या रीती आहेत. दोन्ही एकाच यादीत कोंबणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नाही, सारांश वाचला आहे.

आता नुसत्या यादीबद्दल. "चादरींसह", "कारणाशिवाय", "प्रमाणाबाहेर" हे तीन शब्द ओळीने लिहिले की उत्तर झालं, असं घाई करणाऱ्यांना वाटतं. पण प्रत्येक वेळी घडतं काय, ते पाहा. चौथ्या आज्ञेचंच घ्या. डुकरं घरात राहायला जातात, पलंगावर झोपतात. क्लोव्हर घोडीला बंदी आठवते. ती भिंतीपाशी जाते, पण तिला सुटी अक्षरंच ओळखता येतात, म्हणून ती म्युरिअल शेळीला बोलावते. म्युरिअल वाचते, चादरींचा उल्लेख निघतो आणि क्लोव्हर स्वतःच्याच स्मरणशक्तीवर संशय घेते. नेमका तेव्हाच स्क्वीलर तिथून जातो, सोबत दोन-तीन कुत्रे. त्याचा खुलासा: पलंग म्हणजे झोपायची जागा, मग गवताचा ढीगही पलंगच. आम्ही चादरी काढून टाकल्या आहेत. आणि जोन्स परत यायला हवा आहे का? आधी नियम मोडला जातो, मग कुणाला तरी शंका येते, मग भिंत वाचली जाते आणि शेवटी खुलासा, बाजूला कुत्र्यांचे दात. ही साखळी एका आज्ञेची नीट लिहिलीत तरी बाकीच्या दोन एकेका वाक्यात उरकता येतात.

आठव्या प्रकरणातला शिडीचा प्रसंग जवळजवळ सगळेच वाया घालवतात. मध्यरात्री मोठा आवाज होतो. भिंतीखाली मोडलेली शिडी, पालथा पडलेला स्क्वीलर, कंदील, ब्रश आणि सांडलेला पांढरा रंग. "यावरून डुकरांचा कावा उघड होतो," असं लिहून मोकळे होतात. उघड कुणाला होतो? एकट्या बेंजामिन गाढवाला, आणि तो मान हलवून गप्प बसतो. दुसऱ्या प्रकरणात स्नोबॉल हा डुक्कर शिडीवर चढून आज्ञा लिहीत होता, तेव्हा खालच्या पायरीवर रंगाचा डबा धरून कोण उभा होता? स्क्वीलरच. हे दोन प्रसंग शेजारी ठेवा, गाइडपेक्षा चांगला परिच्छेद आपोआप होईल.

"प्राणी मूर्ख होते म्हणून फसले" हे लिहू नका. तिसऱ्या प्रकरणात कुणाला किती वाचता येतं ते सांगितलंय: बॉक्सर घोडा डी अक्षरापर्यंत, कुत्र्यांना बरं वाचता येतं पण आज्ञांपलीकडे रस नाही, बेंजामिनला डुकरांइतकंच येतं पण तो वाचत नाही. दोष कुणाच्या बुद्धीचा, कुणाच्या भीतीचा, कुणाच्या मौनाचा, हे वेगळं करा.

प्रचाराच्या प्रश्नात, डुकरांचा नेता नेपोलियन याने हाकलून दिलेल्या स्नोबॉलचा धागा पकडावा, तोच सर्वांत भरीव. चौथ्या प्रकरणात गोठ्याच्या लढाईतल्या शौर्याबद्दल पदक. सातव्यात तो पहिल्यापासून जोन्सचा हस्तक. बॉक्सर हरकत घेतो आणि नेपोलियननेच तसं ठामपणे सांगितलंय म्हटल्यावर माघार घेतो. आठव्यात पदक मिळालंच नव्हतं, उलट भित्रेपणाबद्दल ठपका बसला होता. नवव्यात पाठीवरच्या जखमा नेपोलियनच्या दातांच्या. पुस्तकात पेन्सिलीने समासात हे चार टप्पे खुणावून ठेवायचे, वेगळ्या वहीत नाही. वही परीक्षेच्या आदल्या रात्री सापडत नाही.

नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, एवढं एका वाक्यात पुरे. नेपोलियनने शेजारच्या शेतकऱ्याशी केलेल्या लाकडाच्या सौद्याला १९३९ चा जर्मन-सोव्हिएत करार जोडलात तर ठीक, पण अर्धं पान रशियन क्रांतीचा इतिहास लिहिणाऱ्याला कादंबरीचे गुण मिळत नाहीत.

स्क्वीलरचे आकडे (अन्नधान्याच्या उत्पादनात दोनशे, तीनशे, पाचशे टक्के वाढ) आठव्या प्रकरणातले. उद्धृत करताना शेजारी प्राण्यांची भूकही लिहा.

आणि "काही प्राणी अधिक समान" ही सातव्या आज्ञेला जोडलेली ओळ उत्तराच्या पहिल्या वाक्यात वापरू नका. ती दहाव्या प्रकरणात येते, तुमच्याही उत्तरात तिथेच येऊ द्या.