भावा, आधी बीपी मोज

"तालमीत घाम गाळलाय, मला काय हुतंय?" असं मीही म्हणायचो. त्रेपन्नाव्या वर्षी सहज बीपी मोजलं, तर १६०/१००. डोकंसुद्धा दुखत नव्हतं!

मोजायची पण रीत आहे. अर्धा तास आधी चहा-तंबाखू बंद. लघवीला जाऊन ये, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बस (कोल्हापूरकराला हेच अवघड), हात छातीच्या उंचीवर टेकव. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० च्या वर असेल, तर डॉक्टरकडे चल.

साखरेसाठी रात्रीचा तांबडा-पांढरा ओरपल्यावर किमान आठ तास फक्त पाणी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेह उंबऱ्यावर आलाय. १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून खात्री कर.

तंबाखू खात असशील तर आरशात तोंड बघ. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम लपवू नको.

प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) पीएसए ही रक्ताची चाचणी करायची का, हे पन्नाशीला डॉक्टरांशी बोलून ठरव. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नसतं. चाचणीआधी दोन दिवस सायकल मात्र नको.

मी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढला. रांगेत तालमीतले दोघं भेटले. तिघंही घरात न सांगता आलेलो.