पहिल्यांदा काँट्रा कॉल करण्याआधी

काँट्रा हा रांगांमध्ये जोड्यांनी नाचायचा लोकनृत्यप्रकार; पुढची चाल मोठ्यानं सांगणं म्हणजे कॉल करणं, आणि सांगणारा तो कॉलर. नाचातल्या चाली लिहिलेलं कार्ड हातात आलं की आधी त्यांच्या ठोक्यांची बेरीज करावी. धून 32 बारची, ठोके 64. अ दोनदा, ब दोनदा, प्रत्येक भाग 16 ठोक्यांचा. चालींचे ठोके उदाहरणार्थ असे: दोसीदो (समोरच्याभोवती पाठीमागून फिरून परत येणं) 8, रॉबिन्स चेन (जोडीत उजवीकडचा तो रॉबिन, डावीकडचा लार्क; यात दोन्ही रॉबिन समोर ओलांडून जातात) 8, पूर्ण ‘हे फॉर फोर’ (चौघांनी एकमेकांना वेणीसारखं ओलांडत जाणं) 16, बॅलन्स (जागीच पुढे-मागे पाऊल) 4 आणि त्याला जोडून स्विंग (जोडीनं गरगर फिरणं) 12. कार्डावरच्या सगळ्या चालींचे मिळून 64 भरत नसतील तर कार्ड उतरवतानाच काहीतरी सुटलंय.

पण बेरीज जुळली म्हणून नाच वाहतो असं नाही. त्यासाठी दिवाणखान्यातलं टेबल बाजूला सरकवून चालून बघावं, एकदा लार्क म्हणून, एकदा रॉबिन म्हणून. प्रत्येक चाल संपताना कुठला हात मोकळा आहे, अंग कुठल्या दिशेला वळतंय? रॉबिन्स चेनच्या शेवटी जोडी डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असते, त्यामुळे डाव्या हाताचा स्टार (चौघांनी मध्ये डावे हात जोडून फिरणं) आपसूक लागतो. तोच स्टार सर्कल लेफ्टनंतर (हात धरून गोलात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणं) ठेवला तर सगळ्यांना थबकून उलटं फिरावं लागतं. कागदावर हे अजिबात दिसत नाही.

मग शब्द. चालीचा पहिला ठोका पडायच्या आत कॉल बोलून संपलेला हवा, म्हणजे आधीच्या चालीचे शेवटचे चार ठोके आपले. नेहमीच्या लयीत जेमतेम दोन सेकंद. त्यात ‘कोणी’ आधी आणि ‘काय’ नंतर: ‘नेबर्स (म्हणजे समोरच्या जोडीतला जोडीदार), बॅलन्स अँड स्विंग’. भांडी घासताना रील (नाचाची जलद धून) लावून हे मोठ्यानं म्हणावं, घरचे हसले तरी. ‘हे फॉर फोर’चा कॉल थोडा आधी सुरू करावा, नवख्यांना ती चाल उमजायला वेळ लागतो. पूर्ण नाचाच्या चार-पाच फेऱ्यांनंतर शब्द कमी करत गप्प व्हावं, पण नजर रांगेवरून हटवू नये.

बँडशी आधीच बोलून घ्यावं: सुरुवातीला चार पोटॅटो, म्हणजे धूनेआधी लय दाखवणारे ठोके (पहिला कॉल त्यातच बसवायचा), बॅलन्स जास्त असतील तर ठसठशीत ठोक्याची धून, आणि शेवटच्या तीन फेऱ्या राहिल्या की बोटांनी खूण. रांगेच्या टोकाच्या जोडीनं एक फेरी थांबून जागा बदलायची, हे वॉक-थ्रूमध्येच (संगीताशिवाय चालून दाखवताना) सांगावं.

मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्डच्या गाइडिंग स्टार ग्रेंजसारख्या हॉलमध्ये मुरलेले नाचणारे कॉलरची चूक पायांनीच सावरून घेतात. सगळीकडे तसे लोक भेटत नाहीत, म्हणून ‘हे फॉर फोर’ नसलेला एक सोपा नाच खिशात जास्तीचा असू द्यावा.