कॅन्सरमधून वाचणाऱ्यांचा आलेख वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या मध्यात सगळ्या कॅन्सरचा मिळून निदानानंतर किमान पाच वर्षं जगण्याचा दर ५० टक्क्यांच्या आसपास होता. आता तो ७०च्या घरात आहे. या चढत्या रेषेत खरी कमाई आहे. पण तिच्यातलं सगळंच उपचारांचं यश नाही, आणि कुठलं आहे, कुठलं नाही हे वेगळं काढणं जमतं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जगण्याचा दर एकटाच वाचणं. समजा, एका बाईंना ६७व्या वर्षी गाठ हाताला लागली आणि ७०व्या वर्षी त्या गेल्या. पाच वर्षांच्या हिशेबात त्या वाचलेल्यांत नाहीत. तीच गाठ तपासणीत ६१व्या वर्षी सापडली असती आणि तरीही त्या ७०व्या वर्षीच गेल्या असत्या, तर नोंदीत त्या नऊ वर्षं जगल्या! आयुष्य एका दिवसानंही वाढलेलं नाही. वाढली ती आजार माहीत असण्याची वर्षं. याला लीड टाइम म्हणतात.

दुसरी बाजू याहून त्रासाची. दक्षिण कोरियात १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण सुमारे १५ पट झालं, कारण सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. या कॅन्सरनं मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र जवळपास होतं तिथंच राहिलं. ज्या बारीक गाठींनी कधीच त्रास दिला नसता त्या मोजल्या गेल्या, त्यामुळे जगण्याचा दर शंभराला टेकला. त्यापायी हजारो लोकांनी थायरॉइड काढून घेतली आणि त्यातल्या बहुतेकांच्या मागे आयुष्यभराची गोळी लागली. हे यश म्हणून मिरवलं जातं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून तीन रेषा शेजारी ठेवा: नव्या निदानांचं प्रमाण, लोकसंख्येतला मृत्यूदर आणि जगण्याचा दर. निदानं आणि जगण्याचा दर दोन्ही झपाट्यानं वर, मृत्यूदर जागच्या जागी, असं दिसलं की सावध व्हा. मृत्यूदरही एकटा पुरत नाही. पोटाच्या कॅन्सरचे मृत्यू अनेक देशांत घटले ते मुख्यतः हा आजार होण्याचं प्रमाणच घटलं म्हणून. आणि शंभरातून जगण्याचा दर वजा करून मृत्यूदर काढू नका. एकाचा छेद रुग्णांचा, दुसऱ्याचा अख्ख्या लोकसंख्येचा.

स्टेजनुसार तुलना करतानाही फसगत होते. नवे स्कॅन आले की पूर्वी दुसऱ्या स्टेजमध्ये गणले गेलेले काही जण, बारीक पसरण दिसल्यामुळे, चौथ्या स्टेजमध्ये जातात. दुसऱ्या स्टेजमधले जास्त आजारी लोक निघून गेल्यानं तिची सरासरी सुधारते. चौथीत आलेले हे लोक तिथल्या जुन्या रुग्णांपेक्षा बरे, म्हणून तिचीही सुधारते. एकही माणूस जास्त जगलेला नसतो. फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे दाखवून दिलं.

रेषेत एकाच वर्षी पायरीसारखी उडी दिसली, तर औषधाचं नाव शोधण्याआधी नोंदणीची पद्धत तपासा. २०००च्या सुमारास कॅन्सरच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची नवी आवृत्ती आली तेव्हा अंडाशयाच्या सीमारेषेवरच्या गाठी कॅन्सरमधून वगळल्या गेल्या आणि रक्ताचे काही आजार त्यात आले. मृत्यूची नोंद जुळली नाही तर मेलेला रुग्णही कागदावर जिवंत राहतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसारख्या, बहुतेकदा लवकर जीव घेणाऱ्या आजाराचे रुग्ण दहा-पंधरा वर्षं मोठ्या संख्येनं जगताना दिसले, तर पहिला संशय इथंच घ्या. वेगवेगळ्या वर्षांची तुलना करताना रुग्णांच्या वयातला फरक जुळवून घेतलाय का, हेही पाहा. लोकसंख्या म्हातारी होत असताना असा न जुळवलेला, कच्चा दर खरी सुधारणा झाकतो.

शेवटची चूक घरातल्या रुग्णाबाबत होते, आणि ती जिव्हारी लागते. पाच वर्षांचा दर काढायला पाच वर्षं थांबावं लागतं, म्हणजे हातातला आकडा जुन्या उपचारांचा असतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवर इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली २००१ मध्ये. त्याच्या मोठ्या चाचणीत हे औषध सुरू केलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्के पाच वर्षांनी हयात होते. २००२ मध्ये निदान झालेल्या माणसानं छापील आकडा पाहिला असेल, तर तो ही गोळी नव्हती त्या काळातल्या लोकांचा होता.