गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वी: स्वतंत्र संगीतकारांनी हक्क, करार आणि नोंदी कशा सांभाळाव्यात

गाण्याचे मिक्सिंग मनासारखे झाले आणि चार मित्रांनी ऐकून वाहवा केली, की ते त्याच रात्री यूट्यूबवर चढवण्याचा मोह होतो. त्या रात्री थांबावे आणि पुढचे दोन-तीन दिवस कागदांना द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी गेली बावीस वर्षे पुण्यात संगीत संयोजन करतो. कॅसेटचा शेवट, सीडीचा अल्प काळ, कॉलर ट्यूनची चलती आणि आताचे स्ट्रीमिंग हे सारे जवळून पाहिले आहे. यातल्या प्रत्येक वळणावर कंपन्यांनी आपले करारनामे वेळेवर बदलून घेतले. गीतकार, संगीतकार आणि गायक मात्र मागच्या पिढीच्या समजुतींवर सह्या करत राहिले. हे थांबवणे आपल्या हातात आहे आणि त्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही.

एका गाण्यात दोन मालमत्ता

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही रचना झाली; तिचे मूळ मालक अनुक्रमे गीतकार आणि संगीतकार. त्या रचनेचे जे ध्वनिमुद्रण होते, ज्याला आपण मास्टर म्हणतो, ती दुसरी मालमत्ता असून, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते घडवून आणले त्या निर्मात्याकडे तिचा हक्क जातो. रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे टिकतो.

हा भेद आपल्याकडे अभंगांच्या बाबतीत सर्वाधिक विसरला जातो. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. परंतु ज्या चालीत तो अभंग आपण लहानपणापासून ऐकला, ती चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असू शकते आणि तिचा हक्क आजही त्याच्या वारसांकडे किंवा एखाद्या कंपनीकडे असू शकतो. अभंग गाऊन प्रसिद्ध करायचा असेल, तर चाल परंपरेची आहे की कोणा संगीतकाराची, याचा शोध आधी घ्यावा. शंका राहिली तर स्वतःची चाल बांधावी.

स्टुडिओतच लिहायचा कागद

दोन वर्षांपूर्वी एका भावगीताचे रेकॉर्डिंग होते. माइकची पातळी जुळेपर्यंत आमचे बासरीवादक सहज काहीतरी वाजवत बसले होते. त्यातला एक तुकडा सर्वांना इतका भावला, की गाण्याची सुरुवात त्यानेच झाली आणि दोन्ही अंतऱ्यांच्या आधीही तोच आला. गाणे बऱ्यापैकी चालल्यावर त्यांनी विचारले, "यात माझा वाटा काय?" प्रश्न रास्त होता आणि आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. अखेर चालीच्या हिश्शातले दहा टक्के त्यांना द्यायचे ठरले, पण तोवर तीन महिने अबोल्यात गेले.

तेव्हापासून मी एक साधा ए-फोर कागद सोबत ठेवतो. त्यावर रेकॉर्डिंगची तारीख, स्टुडिओचे नाव, गाण्याचे तात्पुरते आणि अंतिम शीर्षक, गीतकार व संगीतकार यांचे रचनेतले हिस्से टक्केवारीत, गायक आणि प्रत्येक वादकाचे पूर्ण नाव, स्टुडिओचे भाडे आणि वादकांची बिदागी कोणी दिली, मास्टर कोणाच्या नावावर राहील आणि मूळ सेशन फाइल कोणाजवळ असतील, एवढे लिहिलेले असते. हिश्शांची बेरीज शंभर येते ना, हे तिथेच तपासावे. खाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि कागदाचा फोटो लगेच सर्वांना पाठवावा. ओळखीच्या माणसांपुढे असा कागद काढताना संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण गाणे चालल्यावर येणारा दुरावा त्याहून फार जड जातो.

करारनामा कसा वाचावा

एखाद्या कंपनीने गाणे घेण्याची तयारी दाखवली, तर आधी एकच गोष्ट पाहावी: कागदावर हस्तांतरण लिहिले आहे की परवाना? हस्तांतरणात मालकी जाते, परवान्यात ती आपल्याकडे राहून ठरावीक काळ वापरायची मुभा दिली जाते. तीन ते पाच वर्षांचा परवाना मिळत असेल, तर तो बहुतेकदा मोठ्या एकरकमी रकमेपेक्षा हिताचा ठरतो, असे माझे मत आहे.

त्यानंतर तीन वाक्ये शोधावीत. "कायमस्वरूपी", "संपूर्ण जगासाठी" आणि "आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी" ही ती वाक्ये. पहिल्या दोहोंबाबत कायदा असे सांगतो की करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणूनच कंपनी हे दोन शब्द आवर्जून लिहिते. शिवाय, घेतलेला हक्क कंपनीने वर्षभरात वापरलाच नाही आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर ते हस्तांतरण संपुष्टात येते. गाणे घेऊन कपाटात ठेवण्याची सवय या धंद्यात जुनी असल्याने ही तरतूद रद्द करणारे वाक्य करारात घुसवलेले नाही ना, हे नीट पाहावे.

तिसऱ्या वाक्याशी माझा स्वतःचा अनुभव जोडलेला आहे. उमेदीच्या काळात मी एका कंपनीला सहा गाण्यांचे हक्क एकरकमी दिले. डोळ्यांसमोर कॅसेट आणि सीडी होती, करारात मात्र सर्व माध्यमे होती. पुढे त्या कंपनीने आपला सगळा संग्रह दुसऱ्या कंपनीला विकला. काही वर्षांनी विद्यार्थ्यांसाठी मी त्यातल्याच एका चालीची फोड करून दाखवणारा व्हिडिओ केला, तेव्हा माझ्याच चालीवर मला हक्काचा दावा आला. दावा करणाऱ्या कंपनीशी माझी कधी भेटही झालेली नव्हती.

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने ही वाट बरीचशी बंद केली. करार होतेवेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्याचा करारात नेमका उल्लेख नसेल तर हस्तांतरण त्याला लागू होत नाही. त्याच दुरुस्तीने आणखी मोलाची गोष्ट दिली: गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला, म्हणजे गाण्याच्या वापरापोटी मिळणाऱ्या मोबदल्यातला, समान वाट्याचा हक्क त्यांच्याकडून लिहून घेताच येत नाही, तो केवळ कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (सभासदांच्या वतीने ही रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला) देता येतो आणि याविरुद्ध केलेला करार रद्दबातल ठरतो. (चित्रपटगीतांमध्ये चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाचा अपवाद आहे.) म्हणून "सर्व मोबदला मिळाला, यापुढे कोणताही दावा राहणार नाही" असे वाक्य दिसले, तर शांतपणे या दुरुस्तीकडे बोट दाखवावे. दर सहा महिन्यांनी हिशेबाचे विवरण मिळावे, हेही लिहून घ्यावे.

आता एक चौथे वाक्यही येऊ लागले आहे. गायकाचा आवाज किंवा ध्वनिमुद्रण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी त्यात असते, आणि ती बहुधा "तांत्रिक प्रक्रिया" अशा निरुपद्रवी शब्दांत दडलेली असते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध अंतरिम मनाई दिली, त्यामुळे नामवंत गायकाच्या आवाजाला संरक्षण मिळण्याची दिशा दिसली आहे. परंतु आपणच सही करून परवानगी दिली असेल, तर तो निकाल आपल्या किती उपयोगी पडेल? ते वाक्य खोडायला सांगावे आणि "आवाजाची प्रतिकृती लेखी संमतीशिवाय करता येणार नाही" असे त्या जागी लिहून घ्यावे.

वितरण आणि नोंदी

स्वतःच प्रसिद्ध करायचे असेल, तर स्पॉटिफाय किंवा जिओसावनसारख्या सेवांवर गाणे वितरकामार्फत, म्हणजे कलाकारांची गाणी या सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत, जाते. वितरक निवडताना वार्षिक शुल्क आणि टक्केवारी पाहावीच. पण शुल्क भरणे थांबवल्यावर गाणी काढून टाकली जातात का, हे आधी विचारावे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवावा. उद्या वितरक बदलला आणि तेच ध्वनिमुद्रण त्याच क्रमांकासह पुन्हा चढवले, तर ऐकण्याची जुनी संख्या साधारणपणे टिकते. नवा क्रमांक पडला, तर शून्यापासून सुरुवात करावी लागते.

नावांचे स्पेलिंग एकदाच ठरवावे आणि कधीही बदलू नये. वितरकाच्या अर्जातल्या भाषेच्या रकान्यात मराठीच निवडावी. घाईत हिंदी निवडलेली मराठी गाणी मी कितीदा तरी पाहिली आहेत, आणि त्यामुळे ती मराठी श्रोत्यांच्या यादीपर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी होते. प्रसिद्धीची तारीख निदान तीन-चार आठवडे पुढची ठेवावी, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे किमान सात दिवस आधी पाठवावे लागते.

पैशांचे गणितही समजून घ्यावे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले गेले तरच ते मोजले जाते, आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. या नियमाने छोट्या भाषांतल्या नवोदितांवर अन्याय होतो, असे मला मनापासून वाटते. तरीही संख्या विकत देणाऱ्यांच्या नादी मुळीच लागू नये, कारण बनावट श्रवण सापडल्यास गाणे काढले जाते आणि वितरक दंडही लावू शकतो. तीस सेकंदांच्या भीतीने आलाप कापण्याचीही गरज नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीत सुमारे तीन मिनिटांत राग मांडणाऱ्या गायकांनी माध्यमाची मर्यादा पाळली, पण गाण्याचा जीव जाऊ दिला नाही. मूळ गाणे मनासारखे ठेवावे आणि रील्ससाठी कोणत्या सेकंदापासूनचा तुकडा दिसावा, हे वितरकाच्या अर्जात स्वतः ठरवावे.

वितरकाकडून येतात ते ध्वनिमुद्रणाचे पैसे. रचनेचे पैसे वेगळ्या वाटेने येतात आणि ती वाट न धरल्यामुळे अनेक मराठी गीतकारांची रक्कम पडून राहते. त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सभासदत्व घ्यावे. १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था दुरुस्त कायद्याखाली २०१७ मध्ये पुन्हा नोंदणीकृत झाली. केवळ सभासद होऊन भागत नाही. प्रत्येक गाणे हिश्शांसह नोंदवावे लागते, आणि इथे स्टुडिओतला तो कागद कामी येतो. यूट्यूबचे उत्पन्न सुरू झाले असेल तर कराची माहितीही भरावी: अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे मिळालेल्या भागावर जून २०२१ पासून तिथला कर कापला जातो, आणि भारताशी असलेल्या कर-करारामुळे योग्य माहिती भरल्यास तो १५ टक्के बसतो. अमेरिकेतली मराठी मंडळे ज्यांची गाणी आवडीने ऐकतात, त्यांना हा फरक जाणवतो.

दावा आला तर

गणेशोत्सवात स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या पेटीवर म्हटलेल्या पारंपरिक आरतीवरही हक्काचा दावा येतो, कारण यूट्यूबची यंत्रणा सुरावटीतले साम्यही ताडते आणि त्याच आरतीचे एखादे ध्वनिमुद्रण तिच्या संग्रहात असते. घाबरून व्हिडिओ काढू नये. दावा आणि स्ट्राइक (हक्कभंगाबद्दल चॅनेलवर नोंदवला जाणारा इशारा) या निराळ्या गोष्टी आहेत. दाव्याने चॅनेल बंद पडत नाही. पाच दिवसांच्या आत हरकत नोंदवल्यास पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न राखून ठेवले जाते आणि दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. हरकतीत रचना परंपरागत आहे, वादन व गायन कोणाचे आहे आणि रेकॉर्डिंग कधी झाले, हे मोजक्या शब्दांत लिहावे. मात्र आपल्या गाण्यात विकत घेतलेला तयार ताल किंवा लूप असेल, तर वितरकाच्या अर्जातला कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या या साम्य ताडणाऱ्या यंत्रणेत आपले गाणे नोंदवण्याचा, पर्याय निवडू नये. नाहीतर तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कलाकारावर आपल्या नावाने दावा जातो.

गाण्याची एकमेव प्रत कोणत्याही सेवेवर ठेवू नये. रेसो या संगीतसेवेने जानेवारी २०२४ मध्ये भारतातले काम थांबवले आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक ही आपली संगीतसेवा बंद करण्याचे जाहीर केले. दोन्ही निर्णयांत कलाकारांना कोणी विचारले नव्हते. मूळ वेव्ह फाइल, प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा स्वतंत्र ट्रॅक, गायनाविना केलेले मिक्स, सह्यांचा कागद आणि आयएसआरसीची वही यांच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात. माझी एक प्रत धाकट्या बहिणीकडे नाशिकला असते, आणि दर दिवाळीला मी ती हार्ड डिस्क जोडून प्रत्येक फाइल उघडते की नाही ते पाहून येतो.